जुन्या कानशीचा पहिला चाकू, आणि तो पावसाळ्यात टिकवायचा कसा

मी बनवलेला पहिला चाकू अजून माझ्याकडे आहे पण त्याला मूठ नाहीये. एप्रिलमध्ये पुण्यात बनवला, मे महिनाभर येईल त्याला दाखवून झाला, जूनच्या सुरुवातीला रत्नागिरीला आईकडे नेऊन दिला आणि गणपतीत घरी गेलो तर मुठीची एक बाजू फुगून वर आलेली, नखाने ओढली तर हातातच आली. आतलं लोखंड लालभडक, पापुद्रे सुटलेले. आणि गंमत म्हणजे पातं एकदम ठीक होतं, थोडं काळपट झालेलं पण गंजाचा ठिपका नाही, कारण आईला आयुष्यभर विळी पुसून ठेवायची सवय, तिने चाकूही तसाच पुसून ठेवला. म्हणजे जे दिसत होतं ते तिने सांभाळलं आणि जे दिसत नव्हतं तिथे मी बनवतानाच घाण करून ठेवली होती.

त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात मुठीबद्दल जरा जास्तच बोलणार आहे, आधीच सांगतो.

पहिला चाकू छोटा करा. चार इंच पातं, चार-साडेचार इंच मूठ, बस. व्हिडिओ बघून सगळ्यांनाच पहिल्या फटक्यात हातभर लांब जंगलात न्यायचं काहीतरी बनवायची खुमखुमी येते पण लांब पातं कडक करताना वाकतं, सगळीकडे सारखं तापत नाही, आणि त्याचा घरात उपयोगही शून्य. कायद्याचंही एक आहेच, आपल्याकडच्या शस्त्र नियमांमध्ये ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. भाजीचा छोटा चाकू करा म्हणजे हा विषयच येत नाही.

आता लोखंड कुठलं घ्यायचं. खिडकीचे गज, पत्रा, अँगल, हे सगळं साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, असतं, त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, ते कितीही लाल करून तेलात बुडवा चाकूच्या धारेसाठी लागतो तसा कडकपणा त्यात येणारच नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा चांगला, त्यात अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन असतो, आपल्याकडचे कितीतरी कोयते पाट्याचेच असतात. पण पाटा जाड, तो ठोकून पातळ करायला ऐरण पाहिजे, घण पाहिजे, आणि मुख्य म्हणजे दंड पाहिजेत. स्टेनलेसच्या भानगडीत घरी पडू नका, त्याला हजार अंशाच्या वर तापमान लागतं आणि तेही मोजून, कोळशावर ते जमत नाही. राहिली जुनी कानस. चांगल्या कानशीत साधारण एक टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, रुंदी चाकूएवढीच, जाडी थोडी घासून कमी केली की झालं, आणि बोथट झालेली कानस कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे नाहीतर भंगारात पडलेली असते. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी गेलात तर ढीग असतात. मला तर घरचीच वाटते कानस, जे. के.चा कानशींचा कारखाना आमच्या रत्नागिरीतच आहे. ८ इंची फ्लॅट घ्या, १२ इंची जाड घेऊ नका, घासून घासून जीव जाईल.

एक फसवणूक असते ती बघून घ्या. काही स्वस्त कानशी आतून साध्या लोखंडाच्या असतात, फक्त वरचा थर कडक केलेला. ओळखायचं असं, कानशीचा टोकाकडचा इंचभर भाग व्हाइसमध्ये धरा, वर जाड फडकं गुंडाळा, डोळ्याला गॉगल लावा आणि हातोडीने एक ठेवून द्या. काचेसारखा कट्टकन तुटला आणि तुटलेल्या जागी आत सगळीकडे एकसारखा बारीक राखाडी दाणा दिसला तर माल खरा. वाकली, किंवा कडेने वेगळा थर आणि आत वेगळा रंग दिसला तर परत भंगारात. गॉगल मी उगाच म्हणत नाहीये, तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

खरी कानस एवढी कडक असते की दुसरी कानस तिच्यावर चालत नाही, म्हणून आधी ती मऊ करायची. जमिनीत फूटभर खड्डा किंवा चार विटांची चौकट, त्यात लोणारी कोळसा, खालून लोखंडी पाइप आणि पाइपाला जुना हेअर ड्रायर, एवढ्यावर काम होतं. पाइप मात्र जीआयचा नको, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो तापला की निघणारा धूर छातीत गेला तर ताप भरतो. हे काम संध्याकाळी करा म्हणजे रंग दिसतो, भर उन्हात लाल झालेलं लोखंड काळंच दिसतं आणि माणूस उगाच जास्त तापवत बसतो. मोडक्या स्पीकरमधलं चुंबक तारेला बांधून जवळ ठेवा. साधारण ७७० अंशाला लोखंडाला चुंबक चिकटायचं बंद होतं, तेच आपलं थर्मामीटर. चुंबक सोडलं की अजून थोडंसं, रंग जरा उजळेपर्यंत तापवा आणि सरळ कोरड्या राखेच्या डब्यात खोल पुरून टाका. राख कोरडीच हवी, आणि भरपूर. सकाळी काढा, आधी नाही, मी रात्री अकरा वाजता उकरून बघितली होती आणि ती अर्धवट कडकच राहिली, मग सगळं पहिल्यापासून. गावी चूल असेल तर राखेचा प्रश्नच नाही, शहरात असाल तर पोत्यातला कोरडा चुनाही चालतो.

मऊ झाली की आधी दोन्ही बाजूचे दात पूर्ण घासून काढा. काही लोक मुद्दाम दात ठेवतात, छान दिसतात म्हणून, पण प्रत्येक दाताची खाच म्हणजे कडक करताना तडा जायची जागा आणि नंतर पाणी साठायची जागा. मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर तर अजिबात ठेवू नका.

मग पुठ्ठ्यावर चाकू काढा, कापा, हातात धरून बघा. स्वयंपाकघरात उभं राहून कांदा कापल्यासारखं करा, बोटं ओट्याला लागतात का बघा. पुठ्ठा मनासारखा झाला की मार्करने लोखंडावर उतरवा आणि हॅक्सॉने कापा, वळणं कानशीने घ्या. पातं आणि मुठीत जाणारा भाग, म्हणजे टँग, जिथे भेटतात तिथे काटकोन ठेवू नका, गोल वळण द्या, तिथेच मोडतं. टँगला भोकं आत्ताच पाडायची, नंतर ड्रिल चालणार नाही. दोन भोकं पिनांची, ४ मिलिमीटरच्या पितळी सळीला ढिली बसतील एवढी, आणि मधे अजून दोन-तीन भोकं नुसतीच. ती नुसती भोकं कशाला ते मुठीच्या वेळी सांगतो.

धारेचा उतार काढणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. धारेच्या कडेला मार्कर फासा, पातं आणि पात्याच्या जाडीएवढंच ड्रिल बिट सपाट पाटावर आडवं ठेवून बिटाच्या टोकाने कडेच्या मधोमध रेघ ओढा, आणि दोन्ही बाजूंनी त्या रेघेकडे कानस मारत या. एका बाजूला दहा हात, मग दुसऱ्या बाजूला दहा हात, मोजून, नाहीतर धार एका बाजूला सरकते आणि चाकू कापताना तिरका जातो. कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे घेताना उचलायची. ग्राइंडर असेल तर काम दहापट लवकर होतं पण चूकही दहापट लवकर होते, पहिल्यांदा हातानेच करा असं माझं म्हणणं आहे, मला दोन रविवार लागले. आणि धार पूर्ण काढायची नाही! कडेला जवळजवळ १ मिलिमीटर जाडी सोडा. कागदासारखी पातळ धार तेलात गेली की वेडीवाकडी होते नाहीतर तडकते.

इथे एक रात्रीचा प्रसंग होतो सगळ्यांच्या बाबतीत. घासून घासून पातं चकचकीत केलेलं असतं, हाताच्या घामाने चिकट झालेलं असतं, कंटाळून तसंच ठेवून झोपतो आणि सकाळी त्यावर आपल्याच बोटांचे ठसे लाल रंगात उमटलेले. घामात मीठ असतं, आणि मीठ आलं की गंज धावत येतो. काम थांबवताना प्रत्येक वेळी पुसून पातळ तेलाचा हात फिरवायचा, पाच मिनिटांसाठी नाही पण रात्रभरासाठी नक्की.

आता कडक करणं. आपल्याकडे याला पाणी पाजणं म्हणतात आणि गावोगाव फिरणारे घिसाडी हे काम रस्त्याच्या कडेला, भाता आणि ऐरण एवढ्यावर करतात. त्यांना बघायला मिळालं तर जरूर थांबून बघा. ते कोयत्याची फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवतात, बाहेर काढून पटकन दगडावर घासून चकचकीत करतात, आणि पाठीकडे राहिलेली उष्णता धारेकडे सरकताना जे रंग धावत येतात ते बघून बरोबर वेळेला पुन्हा बुडवतात. एकाच तापात कडक करणं आणि त्यातला ठिसूळपणा मारणं दोन्ही. हे डोळ्याचं काम आहे आणि त्याला वर्षं लागतात. आपण नवशिक्यांनी ही दोन कामं वेगळी करायची, आणि पाण्याऐवजी तेल वापरायचं, कारण कानशीचं एक टक्का कार्बनचं लोखंड आपल्या हातून पाण्यात गेलं तर टिंग असा आवाज येतो आणि तो आवाज म्हणजे तडा. एकदा ऐकलाय, विसरत नाही.

तेल खायचंच, शेंगदाणा, सूर्यफूल, जे स्वस्त मिळेल ते, दीड-दोन लिटर, उभ्या लोखंडी किंवा स्टीलच्या डब्यात, पातं पूर्ण बुडेल एवढं खोल. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, धूर घाणेरडा असतो. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या, एक लोखंडाचा तुकडा तापवून त्यात बुडवला की होतं, कोमट तेल पातळ असतं आणि पात्याची उष्णता लवकर ओढतं, थंड तेलात काम अर्धवट राहतं हे उलटं वाटतं पण खरंय. डब्याचं झाकण हाताशी, वाळूची बादली हाताशी, पाणी लांब. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी मारायचं नाही. सुती कपडे घाला आणि हे काम उघड्यावर करा, बाल्कनीत नाही, सोसायटीचा वॉचमन वर येतो.

पातं विस्तवात फिरवत फिरवत तापवा, टोक पातळ असतं ते आधी तापून पांढरं होईल त्याला जपा. चुंबक सोडलं की अजून थोडं, म्हणजे ८०० अंशांच्या जरा वर, पूर्ण पात्याचा रंग एकसारखा दिसला की एका झटक्यात सरळ उभं तेलात, टोक खाली. आडवं हलवायचं नाही, वाकतं. हलवायचंच तर वर-खाली. दहा-पंधरा सेकंद थांबा, काढा, हात लागेल एवढं गार होऊ द्या. आता कानस धारेवर हलकेच फिरवून बघा. ती काचेवर फिरावी तशी घसरली पाहिजे. चावली तर कडक झालेलं नाही, परत तापवा.

कानस घसरली म्हणून नाचू नका, कारण या क्षणी हातात काच आहे. फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील. त्याच दिवशी, शक्य असेल तर तासाभरात, ते ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. घरचा ओटीजी चालतो, २०० अंशांवर एक तास, बाहेर काढून गार, परत एक तास. आधी तेल साबणाने धुवून पुसून काढा नाहीतर पुढचा केक तळणीच्या वासाचा होईल आणि घरचे तुम्हाला ओव्हनला हात लावू देणार नाहीत. ओटीजीची बटणं खोटं बोलतात, ओव्हन थर्मामीटर आत ठेवलं तर बरं, आणि ट्रेमध्ये वाळू पसरून त्यात पातं ठेवलं तर तापमान वर-खाली कमी होतं. पात्याची एक बाजू आधी पॉलिश पेपरने चकचकीत केलेली असेल तर बाहेर काढल्यावर तिच्यावर भाताच्या सुक्या पेंढ्यासारखा फिका पिवळा रंग दिसेल. तोच हवाय. तपकिरी झालं तर जरा मऊ पण चालेल. निळं झालं तर चाकूसाठी जास्तच मऊ झालं, पुन्हा विस्तवावर जायचं.

ज्यांच्याकडे विस्तवाची सोयच नाही त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. कानस मुळात कडक असतेच, तर ती तशीच दोनदा ओव्हनमध्ये २०० अंशांवर ठेवून ठिसूळपणा कमी करायचा आणि मग ग्राइंडरने आकार द्यायचा, पण दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत, बोटाला चटका बसेल इतकंही तापू न देता, कारण एकदा का कड निळी झाली की ती जागा गेली. मुठीची भोकं पाडायला मग वेगळी खटपट करावी लागते. होतं, पण मला ते तितकं आवडत नाही.

आता पॉलिश पेपर. जाड दाण्याच्या १२० नंबरने विस्तवाचा काळा थर काढा, मग बारीक होत जाणारे २२०, ४००, ६००, दर वेळी आधीच्या रेघांना आडवं घासायचं म्हणजे जुन्या रेघा राहिल्यात का ते दिसतं. पाणी लावून घासलं तर लगेच पुसा. आरशासारखं करायची गरज नाही, पण २२० वर सोडूनही देऊ नका. गंजाच्या दृष्टीने याला अर्थ आहे, जाड ओरखड्यांत ओल अडकून राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो, गुळगुळीत पृष्ठभाग पुसला की खरोखर कोरडा होतो.

मूठ. इथे सावकाश.

माझं काय चुकलं होतं ते सांगतो म्हणजे काय करायचं ते आपोआप कळेल. मी अंगणातल्या फणसाच्या फांदीचं लाकूड घेतलं, तोडून तीन-चार महिनेच झालेले. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत ते आकसलं, टँगपासून केसभर सुटलं. मी घाई म्हणून पाच मिनिटांत सुकणारा ग्लू वापरला होता, आणि क्लॅम्प इतका आवळला होता की होता नव्हता तो ग्लू बाहेर आला आणि आत काही उरलाच नाही. टँग चकचकीत ठेवलेली, वर बोटांचं तेल. मग रत्नागिरीचा पाऊस, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. रोज धुताना त्या केसभर फटीतून पाणी आत गेलं आणि बाहेर यायला वाट नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे एकदा आत सुरू झाला की तो लाकडाला पाचरीसारखा उचलत जातो, फट वाढते, अजून पाणी, अजून गंज.

तर लाकूड जुनं, मुरलेलं घ्या. सुताराकडे सागवान किंवा शिसवीचा तुकडा सहज मिळतो, मोडक्या पलंगाचा पाय असेल तर त्याहून छान. बाभूळ तर अवजारांच्या दांड्यांसाठी पूर्वीपासूनच वापरतात, दणकट. ८-९ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या करा आणि ज्या बाजू टँगला चिकटणार त्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून एकदम सपाट करा. मग पट्टी टँगवर धरून मागे बल्ब धरा. उजेडाची रेघ दिसली तर परत घासा. जिथून उजेड जातो तिथून पाणी जाणारच.

टँग मात्र उलट, खरखरीत करायची, ८० नंबरच्या पेपरने उभे-आडवे ओरखडे मारून, म्हणजे चिकटवायला पकड मिळते. मग अॅसिटोनने पुसून घ्या आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. पट्ट्यांची पात्याकडची पुढची कड चिकटवायच्या आधीच घासून पॉलिश करून ठेवा, नंतर तिथे पेपर नेला की पात्यावर ओरखडे येतात. अराल्डाइट ग्लूचं हळू सुकणारं पॅक घ्या, रात्रभर लागणारं, पटकन सुकणारे प्रकार पाण्यासमोर कमी टिकतात. दोन्ही बाजूंना भरपूर लावा, पिनांच्या भोकांतही भरा, आणि ती जी नुसती भोकं पाडली होती ना त्यातही, तिथून दोन्ही बाजूंचा अराल्डाइट एकमेकांना आरपार जोडला जातो, आतल्या आत खिळे मारल्यासारखं. पितळी पिना ठोका, क्लॅम्प लावा पण बेताने, कडेने थेंब थेंब बाहेर आला की थांबा. बाहेर आलेला लगेच अॅसिटोनच्या बोळ्याने पुसा, विशेषतः पात्याकडचा. चोवीस तास हात लावायचा नाही.

मग मुठीला आकार, हातात बसेपर्यंत. टँगची जी कड दोन पट्ट्यांच्या मधे दिसत राहते तिथे लाकूड आणि लोखंड एका पातळीत हवं, नखाला पायरी लागता कामा नये. शेवटी जवसाचं तेल, पातळ हात, पुसून टाकायचं, दिवसभर सुकवायचं, असे पाच-सहा हात. जवस हवेत सुकून घट्ट होतं म्हणून ते. तेल लागलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या सुकताना आपोआप तापतात आणि खरोखर पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवून मग कचऱ्यात टाका.

धार लावायला दोन बाजूंचा साधा दगड पुरे, एक बाजू जाड एक बारीक. पातं दगडाला पंधरा-वीस अंशात, म्हणजे चार इंच पात्याला पाठ साधारण दोन रुपयाची तीन-चार नाणी सरकतील एवढी उचललेली. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या कडेला अंगठ्याने आडवी खरखर लागेपर्यंत, मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने वीस-तीस वेळा. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की झालं. पहिल्यांदा एवढा वेळ लागेल कारण आपण तो मिलिमीटरभर सोडला होता.

आता पात्याचा गंज, जो मुठीच्या मानाने सोपा आहे.

कार्बन स्टीलचं पातं पांढरं राहणार नाही हे आधी स्वीकारा. कांदा, कैरी, कोकम, लिंबू, काही कापलं की काळं-निळं पडणार. हा काळा थर म्हणजे गंज नाही. तो पात्याला घट्ट चिकटून असतो आणि खाली लाल गंजाला थोडा अटकाव करतो. आईची विळी बघा, काळीकुट्ट, पण लाल कधी दिसली नाही. तो थर आपोआप डागाडागाने येतो, एकसारखा हवा असेल तर मुद्दाम आणता येतो. पातं साबणाने धुवून तेलाचा अंश काढा, गरम व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवा, काढून पुसा, परत बुडवा, तीन-चार वेळा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून आंबटपणा मारायचा, हे विसरलात तर रात्रीत लाल होतो. मी दुसऱ्या चाकूला याच्यावर हिरड्याचा काढा केला. हिरड्यात टॅनिन भरपूर, लोखंडाशी त्याचा रंग काळा होतो, जुनी काळी शाई आणि कापडाचा काळा रंग याच जोडीवर होत असे. दोन चमचे पूड पाण्यात उकळून गाळून त्यात पातं तासभर ठेवलं, छान निळसर काळं झालं. पहिले दोन-चार दिवस कांद्याला थोडा रंग आणि वास लागतो, मग जातो. कडक कोऱ्या चहानेही होतं, वेळ जास्त लागतो.

रोजचं काम एवढंच की कापून झालं की लगेच धुवायचं आणि पुसायचं. सिंकमध्ये टाकायचा नाही, खरकट्या ताटाखाली तर नाहीच. मासे कापले तर मीठ लागलेलं असतं, आधी तो धुवायचा मग मासे तव्यात. आणि धुताना मूठ पाण्यात भिजत ठेवायची नाही. पुसताना मूठ आणि पातं भेटतात तो कोपरा फडक्याच्या टोकाने मुद्दाम पुसा, सगळे तेवढाच विसरतात.

तेल कुठलं, तर खोबरेल. सूर्यफूल, शेंगदाणा लावून महिनाभर ठेवलं की चिकट चिवट थर बसतो, कढईच्या मागे बसतो तसा. खोबरेल तसं होत नाही, थंडीत गोठतं तेवढंच. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं तेही उत्तम, वास नाही, खराब होत नाही. तेल चोपडायचं नाही, दोन थेंब घेऊन पुसल्यासारखं करायचं. जास्त दिवस वापरात नसेल तर खोबरेलात थोडं मधमाशांचं मेण वितळवून ते मलम लावा, ते जागचं हलत नाही.

चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, निदान कोकणातल्या पावसाळ्यात तरी नाही. चामडं ओल धरतं आणि ती पात्याला लावून ठेवतं, वर कमावतानाचे क्षार असतात. म्यान फक्त न्यायला-आणायला. घरात हवा खेळेल तिथे भिंतीला लटकवा, किंवा बंद करायचाच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, तेल लावून, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर.

तरी ठिपके येतील. ताजा गंज असेल तर जुनीच युक्ती, चुलीची बारीक राख आणि काथ्या, थोडं पाणी, पाठीकडून धारेकडे घासायचं. राख अल्कधर्मी असते त्यामुळे घासून झाल्यावर परत लगेच गंजत नाही. चूल नसेल तर खायचा सोडा आणि भांड्याची हिरवी घासणी. त्याने नाही गेला तर पंधरा मिनिटं व्हिनेगर, घासणी, सोड्याचं पाणी, कोरडं करून तेल. बाजारात गंज काढायची जी रसायनं मिळतात ती गेटला ठीक, भाजीच्या चाकूला नको. लाल ठिपका काढल्यावर खाली बारीक खड्डा दिसला तर तो पेपरने घासून सपाट करा, नाहीतर परत तिथेच येईल.

दुसरा चाकू, जुन्या सागवानाच्या मुठीचा, आता आईकडे दोन पावसाळे काढून आहे. गेल्या गणपतीत बल्बसमोर धरून बघितला, पुढच्या पिनेच्या खाली केसाएवढी रेघ दिसली. गावच्या घरी अराल्डाइट नव्हतं, म्हणून चाकू दोन दिवस चुलीजवळ कोरडा करून त्या फटीत गरम मेण सोडलं आणि पुसून टाकलं. पुढच्या खेपेला पिन काढून नीट भरायचंय, तोपर्यंत आईला सांगितलंय की धुताना टोक खाली धर.